परसातले माशांचे तळे आणि त्यावरचा धबधबा

परसात तळे करायचे ठरले की बहुतेकांचे लक्ष आधी दगडांकडे आणि धबधब्याच्या उंचीकडे जाते. माशांचा विचार शेवटी होतो. हा क्रम उलटा असावा. कोणते मासे आणि किती ठेवायचे हे ठरले की पाणी किती लागेल ते कळते, त्यावरून पंप निवडता येतो आणि पंपावरून धबधब्याची रुंदी ठरते.

गोल्डफिशसाठी ६० ते ८० सेंटीमीटर खोली पुरते. कोई मासे ६० सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतात, म्हणून त्यांना किमान एक मीटर, शक्य तर सव्वा मीटर खोली आणि प्रत्येकी सुमारे १,००० लिटर पाणी लागते. लहान परसात गोल्डफिशच बरे, असे माझे मत आहे. उदाहरणादाखल ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ८० सेंटीमीटर खोल तळे घेऊ. लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार ४.८ घनमीटर, म्हणजे ४,८०० लिटर येतो. पण कोपऱ्यांची गोलाई आणि काठालगतच्या पायऱ्या वजा जाता प्रत्यक्षात सुमारे ४,००० लिटर पाणी मावते. एका गोल्डफिशला २०० लिटर धरले तर वीस मासे ही वरची मर्यादा झाली, आणि सुरुवात पाच-सहा माशांनी करावी.

जागा निवडताना दिवसाचे चार ते सहा तास ऊन मिळेल आणि दुपारी थोडी सावली येईल असे पाहावे. मोठ्या झाडाखाली पाने पडून कुजतात आणि मुळे तळ्यात पाणी धरून ठेवणाऱ्या अस्तराला टोचतात. आवाराचा सर्वांत सखल कोपराही टाळावा, कारण पावसाचे पाणी मातीसकट आणि बागेतल्या खता-औषधांसकट तिथेच उतरते. घरात लहान मुले असतील तर कुंपण किंवा पाण्यावर भक्कम जाळी हवीच. खणताना कडा शक्य तितक्या उभ्या ठेवाव्यात, म्हणजे बगळ्याला पाण्यात उतरून उभे राहता येत नाही. एका बाजूला मात्र कुंड्या ठेवण्यासाठी २० ते ३० सेंटीमीटर खोलीवर पायरी सोडावी. काठ चारही बाजूंनी समपातळीत आहे ना, हे लांब फळी आणि पाणसळ लावून तपासावे. यात दोन सेंटीमीटरचा फरक राहिला तरी एका बाजूला अस्तर उघडे पडते आणि तो दोष नंतर झाकता येत नाही.

अस्तरासाठी एक मिलिमीटर जाडीचे ईपीडीएम रबर टिकाऊ असते. त्याची लांबी काढताना तळ्याच्या लांबीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही काठांसाठी ३०-३० सेंटीमीटर मिळवावेत, रुंदीचेही तसेच. आपल्या तळ्याला ५.२ मीटर बाय ४.२ मीटर अस्तर लागेल. खड्ड्यातले टोकदार दगड आणि मुळे काढून आधी जाड कापडी थर अंथरावा व त्यावर अस्तर सैलसर पसरावे. ताणून बसवलेले अस्तर पाण्याच्या भाराने शिवणीपाशी किंवा कोपऱ्यात फाटू शकते. सिमेंटचा हौद बांधायचा असेल तर नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरून सामू (पीएच) वाढवतो, म्हणून तो अनेकदा भरून रिकामा केल्याशिवाय त्यात मासे सोडू नयेत.

आता धबधबा. खोदकामातून निघालेल्या मातीचाच उंचवटा करता येतो, पण ती थराथराने ठोकून घ्यावी, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात खचते आणि पाणी बाजूने निसटू लागते. ३० ते ६० सेंटीमीटर उंची पुरेशी आहे. उंची वाढवली की आवाजाबरोबर शिंतोडेही वाढतात, आणि तळ्यातले पाणी गुपचूप कमी होण्यास बहुधा हे शिंतोडेच कारणीभूत असतात. पाण्याचा सलग पडदा हवा असेल तर धारेच्या रुंदीच्या दर सेंटीमीटरमागे तासाला १५० ते २०० लिटर प्रवाह लागतो. तळ्यातले सगळे पाणी तासाभरात एकदा फिरावे हा सर्वमान्य ठोकताळा इथे सोयीचा पडतो: तासाला ४,००० लिटर पाणी आले की २० सेंटीमीटर रुंदीची धार छान भरते. मात्र पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी मीटरभर वर चढवताना आणि नळीतल्या घर्षणामुळे प्रवाह घटतो, म्हणून पंपासोबत मिळणाऱ्या तक्त्यात आपल्या उंचीला किती पाणी मिळेल ते पाहूनच पंप घ्यावा आणि नळी शक्य तितकी रुंद वापरावी.

धबधब्याखालचे अस्तर स्वतंत्र असेल तर कौलावर कौल चढते तसे वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्यावर यावे, आणि दोन्ही कडा प्रवाहाच्या पातळीपेक्षा निदान १० सेंटीमीटर वर वळवलेल्या असाव्यात. दगड मांडल्यावर पाणी त्यांच्या फटींतून खालीच नाहीसे होते, अशी तक्रार नेहमी असते. त्यावर तळ्यासाठीचा, फुगून घट्ट होणारा फोम फटींत भरावा आणि धारेच्या जागी एक सपाट दगड किंचित पुढे काढून बसवावा. पंप धबधब्याच्या समोरच्या टोकाला ठेवावा, म्हणजे पाणी सगळ्या तळ्यातून फिरते. त्याला तळापासून सुमारे ३० सेंटीमीटर उंचीवर बसवले तर धबधब्याकडे गळती झाली तरी पंप तळे पूर्ण उपसू शकत नाही आणि मासे वाचतात. विजेच्या जोडणीवर वीजगळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे स्विच असावे आणि हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

नळाचे पाणी भरल्यावर त्यातल्या क्लोरीनचा बंदोबस्त करावा. साधे क्लोरीन एक-दोन दिवस पाणी फिरते ठेवल्यास उडून जाते; क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) तसे जात नाही, त्यासाठी क्लोरीननाशक द्रव्य घालावेच लागते. यानंतर घाई करू नये. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया येतो. पंपाला जोडलेल्या फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ही व्यवस्था बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तपासणी संचाने अमोनिया आणि नायट्राइट पाहत राहावे. दोन्ही शून्यावर आले की मासे थोडे-थोडे वाढवावेत. नवे मासे पिशवीसकट १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून, मग पिशवीत थोडे-थोडे तळ्याचे पाणी घालून सोडावेत.

पंप रात्री बंद करण्याचा मोह टाळावा. रात्री वनस्पती आणि शेवाळही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो; त्यात पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. उन्हाळ्यातल्या पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले तर कारण बहुधा हेच असते.

रोजची देखभाल फारशी नाही. तीन ते पाच मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे, आणि पाणी १० अंश सेल्सिअसखाली गेले तर खाद्य बंद ठेवावे. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज तळ्यातूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा. नळाखाली धुतला तर जिवाणू मरतात आणि अमोनिया पुन्हा चढतो. पाणी हिरवे झाले म्हणून सगळे उपसून टाकणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण नव्या पाण्यात काही दिवसांनी तेच होते. कमळे किंवा इतर पाणवनस्पतींनी निम्मा पृष्ठभाग झाकू द्यावा, खाद्य कमी करावे. एवढ्याने भागले नाही तर अतिनील दिव्याचा फिल्टर जोडावा. कमळाच्या कुंड्या मात्र धबधब्यापासून दूर ठेवाव्यात, त्यांना संथ पाणी लागते. जलपर्णी तळ्यात ठेवलीच तर काढलेली रोपे ओढ्यात किंवा नदीत टाकू नयेत.

पाण्याची पातळी रोज बाष्पीभवनापेक्षा जास्त उतरत असेल तर पंप बंद करून काठावर खूण करावी आणि चोवीस तास थांबावे. माशांसाठी तेवढा वेळ वेगळा हवेचा पंप लावावा. पातळी जवळपास तशीच राहिली तर गळती धबधब्यात आहे, म्हणून तिथल्या कडा आणि शिंतोडे तपासावेत. पातळी उतरत गेली तर ती जिथे थांबेल त्याच उंचीवर अस्तराला भोक असते. ती रेषा सापडली की तेवढा भाग स्वच्छ करून पूर्ण वाळवावा आणि अस्तराच्याच जातीचे ठिगळ लावावे.