क्लच मास्टर सिलिंडर: किट (आतल्या रबरी भागांचा संच) टाकायचं की नवा बसवायचा, आणि काम कसं करायचं

पेडल निम्म्यापर्यंत पोकळ जातं, पहिला गिअर खरखरत पडतो, दोन-तीनदा पंप केलं की तेवढ्यापुरतं ठीक वाटतं. हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत असं सुरू झालं की बरेच जण थेट क्लच प्लेटवर येतात. गिअरबॉक्स उतरवण्याआधी जरा थांबा. घासलेली प्लेट पंप केल्याने बरी होत नाही. पंप केल्यावर क्लच सुटत असेल तर दोष बहुधा ऑइलच्या वाटेत आहे. या वाटेच्या एका टोकाला पेडलजवळचा मास्टर सिलिंडर, तो ऑइल ढकलतो; दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर, तो त्या दाबाने क्लच सोडवतो.

आधी दोष कुठे आहे ते पक्कं करा. डॅशबोर्डखाली वाकून पेडलचा पुश रॉड जिथे सिलिंडरमध्ये शिरतो तिथलं रबरी बूट थोडं मागे सारा आणि आत बोट फिरवा. बोटाला काळसर, बुळबुळीत ओल लागली तर मास्टरचा मागचा कप (आतलं रबरी सील) गेलाय. मग खाली स्लेव्ह सिलिंडरचं बूटही तसंच तपासा. दोन्ही कोरडी असतील तर एकाला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि स्लेव्हचा रॉड बघत राहा. पेडल जागचं हललेलं नसताना रॉड हळूहळू परत सरकत असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर ऑइल मास्टरच्या आतल्या आत पुढच्या कपावरून मागे येतंय. सर्वात जास्त चकवणारा दोष हाच, कारण ऑइलच्या टाकीतली पातळी अजिबात कमी होत नाही. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत असेल तर रॉड दिसणार नाही. तिथे निदान पेडलच्या वागण्यावरूनच करावं लागतं.

आत काय चालतं ते समजलं की पुढचं काम सोपं होतं. सिलिंडरमध्ये एक पिस्टन, एक स्प्रिंग आणि दोन रबर कप असतात. पुढचा कप दाब तयार करतो, मागचा ऑइल बाहेर येऊ देत नाही. बहुतेक जुन्या धाटणीच्या सिलिंडरात पुढच्या कपाच्या अगदी तोंडाशी टाकीकडे जाणारं सुईएवढं छिद्र असतं. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच ते उघडतं आणि तापून फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं. हे छिद्र लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

काढताना

क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं आणि ते रंग खातं, म्हणून बोनेटखाली आजूबाजूला जाड कापड पसरा. थेंब सांडलाच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी टाका. टाकीतलं ऑइल सिरिंजने ओढून घ्या. टाकी ब्रेकशी सामाईक असेल तर क्लचचा फाटा उघडा पडेल इतकंच काढा आणि फाट्याच्या नळीला बूच लावा. ब्रेकच्या बाजूला हवा शिरली तर काम दुप्पट होतं.

आत जाऊन स्प्लिट पिन काढा आणि पुश रॉड पेडलपासून सोडवा. मग धातूच्या पाइपचा नट. तो साध्या फिक्स पान्याने सोडवू नका, नटाचे कोपरे गोल होतात. एका बाजूने खाच असलेला फ्लेअर नट पाना याच कामासाठी असतो, तो विकत घेण्याइतका मोलाचा आहे. नटाबरोबर पाइप पिळला जातोय असं वाटलं तर थांबा, गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ द्या. शेवटी सिलिंडर इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला धरणारे नट काढा.

किट की नवा

बूट काढा, पुश रॉड किंचित आत दाबून धरा आणि सर्क्लिप (पिस्टन आत अडवून धरणारी रिंग) सोडवा. स्प्रिंगमुळे पिस्टन उडतो, म्हणून तोंडाशी कापड धरा. भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडा आणि फोटो काढून ठेवा.

आता बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) नव्या ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने धुवा. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांतलं काहीही नको. त्यांनी रबर कप फुगतात आणि नवं किट लवकर वाया जातं. बोअर उजेडाकडे धरून आत बघा, नंतर नख हळूच फिरवा. नुसता डाग असेल तर हरकत नाही. नख अडकलं, म्हणजे ओरखडा किंवा गंजाचा खड्डा आहे, तर किटचा विचार सोडा आणि नवा सिलिंडर घ्या. नवा कप त्या खड्ड्यावरून रोज शेकडो वेळा जाणार आणि त्याची धार तिथेच फाटणार. ओतीव लोखंडाच्या बोअरला बारीक होन (आतून घासायचं हत्यार) फिरवून हलका डाग काढता येतो. ॲल्युमिनियमच्या बोअरला होन लावू नये, वरचा कडक थर जातो. संपूर्ण प्लॅस्टिकचा सिलिंडर असेल तर तो बदलायचाच.

नवा घेताना बोअरचं माप जुन्याशी जुळतंय का ते स्वतः बघा. 15.87 मिमीच्या जागी 19.05 मिमीचा सिलिंडर बसवला तर पेडलच्या तेवढ्याच हालचालीत सुमारे 44 टक्के जास्त ऑइल ढकललं जातं आणि पेडलही त्याच प्रमाणात जड होतं.

किट टाकताना सगळे भाग ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून घ्या. दोन्ही कपांची पसरट धार ऑइलच्या बाजूला, म्हणजे पुश रॉडपासून दूर असली पाहिजे. कप उलटा बसला तर दाबच धरणार नाही. धार आत सरकवताना स्क्रूड्रायव्हर वापरू नका, बोटाने फिरवत फिरवत बसवा.

बसवणं आणि ती एक मिलिमीटरची जागा

सिलिंडर जागेवर ठेवा, पण भिंतीचे नट सैलच असू द्या. आधी पाइपचा नट हाताने तीन-चार आटे फिरवून घ्या. वाकडा चढला तर ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. तो सरळ बसला की मग सगळं आवळा.

आता पुश रॉड. लांबी कमी-जास्त करता येत असेल तर रॉडचं टोक आणि पिस्टन यांच्यामध्ये साधारण एक मिलिमीटर ढिलाई ठेवा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये माप दिलं असेल तर तेच पाळा. पेडल हाताने हलवलं की ही ढिलाई बोटांना जाणवते. मी एकदा पेडल उंच हवं म्हणून ती पूर्ण काढून टाकली होती. गाडी थंड असताना सगळं छान होतं, वीसेक मिनिटं चालल्यावर क्लच स्लिप व्हायला लागला. स्लेव्हचा निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडला तर पेडलला कुणी हात लावलेला नसताना ऑइलची चिळकांडी उडाली आणि क्लचने पुन्हा पकड घेतली. ते बारीक छिद्र बंदच राहिलं होतं. नव्या सिलिंडरनंतर क्लच स्लिप होऊ लागला तर प्लेट बदलण्याआधी ही ढिलाई तपासा.

हवा काढणं

मॅन्युअलमध्ये किंवा झाकणावर लिहिलेलंच ऑइल भरा, बहुतेक ठिकाणी डॉट 3 किंवा डॉट 4. सिलिकॉनचं डॉट 5 यात मिसळत नाही. बाटली नुकतीच फोडलेली हवी, कारण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 4 चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो; त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की मानकात किमान 155 अंशच धरलेले आहेत. बोअरमधले गंजाचे खड्डेही याच पाण्याने पडतात.

स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल सावकाश खाली नेऊन धरून ठेवायचं, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा उघडायचा, बुडबुडे आले की बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. भराभर पंप करू नका, हवेचा फेस होतो आणि तो निघता निघत नाही. दर चार-पाच फेऱ्यांनी टाकी भरा. सुरुवातीला पेडल खालीच पडून राहील, ते हाताने वर ओढा. बराच वेळ बुडबुडे थांबत नसतील तर निपल उघडा ठेवून ऑइल आपोआप खाली ठिबकू द्या. अडकलेली हवा कित्येकदा अशीच निघते.

निपल बंद करा, इंजिन चालू करा, हँडब्रेक ओढून पेडल पूर्ण दाबा आणि काही सेकंदांनी रिव्हर्स टाका. आवाज न करता पडला पाहिजे. पुढचा आठवडाभर रोज टाकीतली पातळी आणि स्लेव्हचं बूट बघत राहा. मास्टर पूर्ण दाब देऊ लागला की तितकाच जुना स्लेव्ह बऱ्याचदा याच दिवसांत गळायला लागतो, म्हणून तो सहज हाताशी येणारा असेल तर त्याचं किटही याच खेपेला टाकून घ्या.