पुस्तकबांधणीसाठी गव्हाच्या चिकाची खळ

जुन्या पुस्तकाची सुटलेली पाने चिकटवायला बाजारातला पांढरा गोंद हाताशी असतो. परंतु तो एकदा वाळला की पाण्याने पुरता निघत नाही, आणि पुढे कोणाला ते पुस्तक उसवून पुन्हा बांधायचे झाले तर गोंदाबरोबर कागदही सोलून येतो. खळ मात्र ओलसर कापसाने काही वेळात मऊ पडते. मैद्याची खळ लवकर होते, हे खरे. पण मैद्यातले चिवट प्रथिन तिच्यात राहते, म्हणून मी चिकाचीच खळ करतो.

चीक काढण्याची रीत कुरडयांचीच आहे. गहू तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलावे, मग ते वाटून फडक्यातून गाळावेत आणि गाळलेले पाणी रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी वरची निवळ ओतून दिल्यावर साक्यावर पिवळसर थर दिसतो. तो खरवडून टाकावा, कारण त्यातच प्रथिन अधिक असते. खालचा पांढराशुभ्र साका आणखी दोनदा पाण्यात कालवून निवळू द्यावा आणि सावलीत वाळवावा. मीठ आणि हिंग अर्थातच कुरडयांसाठी राखून ठेवावेत.

एक वाटी कोरड्या चिकाला पाच वाट्या पाणी घेऊन अर्धा तास भिजू द्यावे, मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर लाकडी चमच्याने सतत ढवळावे. बराच वेळ ते नुसते दुधासारखे दिसते आणि मग, साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे, एकाएकी घट्ट होते. इथेच बहुतेकांची फसगत होते. पहिल्या खेपेला मीही घट्ट झाले म्हणून पातेले उतरवले होते. ती खळ वाळल्यावर पांढुरकी, ठिसूळ झाली आणि पाने महिन्याभरात सुटली. घट्ट झाल्यावरही आणखी वीस मिनिटे शिजवून, पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली आणि चमच्यावरून धार संथ पडू लागली, की मगच आच बंद करावी. पूर्ण थंड झालेली खळ चाळणीतून घासून काढावी आणि थोडे थोडे पाणी घालून सायीइतकी सैल करावी.

कागदाला ती पातळच लावावी. दुरुस्तीच्या पट्टीचे तंतू पुस्तकाच्या पाठीला समांतर धावतील असे पाहावे, नाहीतर वाळताना पान चुणते. पट्टी ओली करून ती कोणत्या बाजूला वळते ते पाहिले की तंतूंची दिशा कळते, कारण तंतू वळणाच्या अक्षाला समांतर असतात. फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, शिवायचा सुती दोरा मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढून घ्यावा. चिकटवलेले पान टीपकागदात घालून रात्रभर वजनाखाली ठेवावे.

कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी चाल आहे, पण ते विषारी आहे आणि कागदालाही बाधते. त्यापेक्षा थोडीच खळ करावी, झाकून थंड जागी ठेवावी आणि आंबूस वास येताच फेकून द्यावी.