ट्रकला डिफ-लॉक बसवावा की एलएसडी?

पावसाळ्यात पाणंदीत एकदा गाडी रुतली की मालक गॅरेजमध्ये येऊन म्हणतो, "डिफ-लॉक टाकून द्या." पण पैसे खर्च करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: गाडी अडकते तेव्हा मागची दोन्ही चाकं नेमकी कुठे असतात? एक हवेत असतं, की एक निसरड्यावर आणि एक घट्ट जमिनीवर असतं, की दोन्ही सारखीच चिखलात असतात? सगळी निवड या उत्तरावर ठरते.

डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारी, एक्सलमधली गिअरची जोडणी. साधा डिफरन्शियल दोन्ही हाफ शाफ्टना (चाकापर्यंत जोर नेणाऱ्या दांड्यांना) नेहमी सारखाच जोर देतो. त्यामुळे निसरड्यावरचं चाक जेवढा जोर पेलतं तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो, मग ते दुसरं चाक कोरड्या डांबरावर का असेना. एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, घट्ट चाकाला निसरड्या चाकाच्या काही पट जोर देतो. लॉक दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडतो, मग ज्या चाकाला पकड आहे ते ती पूर्ण वापरू शकतं.

आकड्यांत पाहा. पिकअपच्या मागच्या प्रत्येक चाकावर ७०० किलो भार आहे असं धरा. डावं चाक ओल्या मातीत आहे, तिथे पकड भाराच्या २० टक्के. उजवं डांबरावर, तिथे ७० टक्के. म्हणजे डावं चाक १४० किलोचा आणि उजवं ४९० किलोचा ओढा पेलू शकतं. साध्या डिफरन्शियलला १४० आणि १४० मिळून २८० मिळतात. तिप्पट जोर देणाऱ्या एलएसडीला १४० आणि ४२० मिळून ५६०. लॉकला ६३०. इथे एलएसडी आणि लॉक यांत फरक फारच थोडा आहे.

आता डावं चाक खड्ड्यावर अधांतरी गेलं असं समजा. साध्याचा ओढा शून्य. एलएसडी दोन प्रकारचे, गिअरवाले आणि प्लेटवाले. गिअरवाल्याचाही ओढा जवळजवळ शून्यच, कारण शून्याची तिप्पट शून्यच होते. प्लेटवाल्या एलएसडीत स्प्रिंगच्या दाबापुरता थोडा जोर मिळतो. लॉक मात्र उजव्या चाकाची सगळी पकड वापरतो. खाणीतली, क्रशरवरची, नदीपात्रातली, मोठ्या दगडांतली गाडी असेल तर इथेच निकाल लागतो: लॉक.

आणि दोन्ही चाकं काळ्या मातीच्या रबडीत असतील, दोन्हीकडे २० टक्केच पकड असेल तर? तिघांचंही उत्तर २८०. उसाच्या फडातून भरून निघणाऱ्या गाड्यांची बहुतेक रडकथा हीच असते. इथे आधी पैसे खोल नक्षीच्या टायरवर, साखळीवर आणि भार कमी भरण्यावर खर्च करा. लॉक बसवूनही गाडी रुतली तर दोष लॉकचा नसतो.

लॉकची किंमत रस्त्यावर मोजावी लागते

वळणात बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. दोन चाकांमधलं अंतर १.४५ मीटर असेल तर काटकोनी वळणात हा फरक २.२८ मीटर येतो, वळण मोठं असो की लहान. लॉक लागलेला असताना काँक्रीटवर हा फरक टायर घासूनच भरून निघतो आणि त्याचा पीळ हाफ शाफ्टवर येतो. शिवाय साध्या डिफरन्शियलमध्ये एका शाफ्टवर निम्म्यापेक्षा जास्त जोर कधीच जात नाही. लॉकमध्ये सगळाच जाऊ शकतो. इंजिन २०० न्यूटन-मीटरचं असेल, पहिला गिअर जोर ४ पट आणि एक्सल ४.१ पट वाढवत असेल तर एक्सलवर ३,२८० न्यूटन-मीटर येतात. साध्यात एका शाफ्टला १,६४०, लॉकमध्ये एकट्या शाफ्टला पूर्ण ३,२८०. लो रेंज (फोर-व्हील गाडीतली जास्त जोराची गिअर-जोडी) असेल तर हा आकडा तेवढ्याच पटीने चढतो. म्हणून लॉक घ्यायचा तर हाफ शाफ्टची जाडी आणि स्प्लाइनची (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांची) झीज आधी तपासा.

ओल्या घाटात आणखी एक धोका आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरतं तेव्हा दुसरं गाडीला आडवं जाऊ देत नाही. लॉकमध्ये दोन्ही एकदमच सुटतात आणि रिकाम्या पिकअपची मागची बाजू उताराकडे सरकते. आपोआप लागणारा डेट्रॉइट पद्धतीचा लॉकर म्हणूनच आंबोली, ताम्हिणीसारख्या घाटांतून रोज भाजी-दूध नेणाऱ्या गाडीला आम्ही सुचवत नाही. अशा गाडीला गिअरवाला एलएसडी योग्य, किंवा स्विचने चालणारा आणि एरवी पूर्ण बंद राहणारा लॉक.

कोणता प्रकार घ्यावा

प्लेटवाल्या एलएसडीत घर्षणाच्या प्लेटा असतात. त्या झिजतात आणि झिजल्या की तो साध्या डिफरन्शियलसारखाच वागतो. गिअरवाल्यात (टॉर्सन, ईटनचा ट्रूट्रॅक) प्लेटा नाहीत, त्यामुळे देखभाल फारशी नाही. रस्त्यावर जास्त आणि कच्च्यावर कमी चालणाऱ्या गाडीसाठी आमची पहिली पसंती यालाच. चाक हवेत गेलं तर ब्रेक पेडल हलकं दाबून ॲक्सिलरेटर द्या. ब्रेकमुळे मोकळ्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि त्याच्या काही पट जोर दुसरीकडे जातो.

स्विचचा लॉक हवेवर किंवा विजेवर चालतो. टोयोटा हायलक्सला मागे विजेचा लॉक येतो. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉक आहेत. महिंद्रा थारमध्ये दिसणारा ईटनचा मेकॅनिकल लॉक वेगळा आहे. त्याला स्विच नसतो. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो स्वतः लागतो आणि ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या वर लागत नाही. त्याला ॲक्सिलरेटरवर पाय एकसारखा हलका ठेवावा लागतो. चाक गरागरा फिरवून एकदम लॉक लागू दिला तर आतली यंत्रणा तुटते.

कंपनीनेच गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल (घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) दिलं असेल तर आधी एक पावसाळा त्यावर काढून पाहा. थोडक्या चिखलाला ते पुरतं. लांब चढावर मात्र ब्रेक तापतात.

आता गाडीत काय आहे ते ओळखा

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, मागचा एक्सल स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर प्लेटवाला एलएसडी आहे किंवा लॉक लागलेला आहे. उलट फिरलं तर साधा, किंवा सुटलेला लॉक, किंवा मेकॅनिकल लॉक. झिजलेला प्लेटवाला आणि काही गिअरवालेही उलट फिरतात, म्हणून हाउसिंगवरची पट्टी वाचून खात्री करा. एलएसडी असलेल्या गाडीचं एकच चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये कधीही चालवू नका. जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून खाली ढकलतं.

माल मागवताना एक्सलचं मॉडेल, क्राऊन-पिनियनचे (एक्सलमधल्या मोठ्या आणि लहान दातेरी चाकाचे) दात, हाफ शाफ्टच्या स्प्लाइनची संख्या आणि क्राऊनच्या बोल्टचं माप लिहून द्या. काही एक्सलमध्ये रेशो (क्राऊन-पिनियनच्या दातांचं प्रमाण) बदलला की डिफरन्शियलचा केसही बदलतो. मग क्राऊन चुकीच्या जागी बसतो आणि परत करायचा माल निघतो. फोर-व्हील गाडीत पुढच्या-मागच्या एक्सलचा रेशो सारखाच राहिला पाहिजे. वॉरंटी चालू असेल तर काम बाहेर करण्याआधी शोरूमचं लेखी उत्तर घ्या.

बसवताना

केस बदलताना साइड बेअरिंग नवीनच घाला. जुने शिम (मापाच्या पातळ चकत्या) डावे-उजवे वेगळे ठेवून मोजा, सुरुवात त्याच मापाने होते. क्राऊनचे बोल्ट थ्रेड-लॉक लावून समोरासमोर घट्ट करा. बॅकलॅश (क्राऊन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक) डायल गेजने क्राऊनच्या चार जागी मोजा. हलक्या गाड्यांत तो साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो, पण शेवटचा शब्द तुमच्या एक्सलच्या मॅन्युअलचा. नंतर दातांना रंग लावून छाप पाहा. तो दाताच्या मध्यावर हवा. टोकाकडे किंवा कडेला गेला तर शिम बदला. "चालवून बघू" म्हणत सोडलेला छाप पुढे आवाज आणि तुटलेले दात देतो. क्राऊन-पिनियन नवीन असेल तर पहिले २५-३० किलोमीटर रिकामी गाडी हळू चालवा, थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा आणि ८०० किलोमीटरला ऑइल बदला.

ऑइल जीएल-५ दर्जाचं, बहुधा ८०डब्ल्यू-९०, जड कामाला ८५डब्ल्यू-१४०. प्लेटवाल्या एलएसडीला घर्षण कमी करणारं मिश्रण वेगळं घालावं लागतं. ते नसलं की वळताना मागून कुरकुर आणि थरथर येते. मिश्रण घातल्यावर मोकळ्या मैदानात हळू वेगाने दहा-बारा आठाचे फेरे मारा, म्हणजे ते प्लेटांत मुरतं. ट्रूट्रॅकला मात्र हे मिश्रण घालू नका. त्याचं काम घर्षणावरच चालतं.

वापर आणि बिघाड

लॉक रुतण्याआधी लावा: गाडी उभी किंवा रांगत असताना, क्लच दाबून, चाकं फिरत नसताना. फिरत्या चाकावर लावला तर दातांचे कोपरे उडतात. मागच्या दोन्ही एक्सलना पॉवर असलेल्या टिपरमध्ये आधी दोन एक्सलमधला लॉक, तेवढ्याने निघालं नाही तर चाकांमधला. दोन एक्सलमधला लॉक न लावता एकच एक्सल फिरत ठेवला तर मधल्या डिफरन्शियलच्या चाक्या प्रचंड वेगाने फिरतात, ऑइल पोहोचत नाही आणि काही सेकंदांत त्या जळतात. टिपरमधलं हे सर्वात महाग आणि सर्वात टाळता येण्यासारखं नुकसान आहे.

स्विच बंद केला तरी डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा विझला नाही तर लॉकमध्ये पीळ अडकलाय. सरळ रेषेत दोन-तीन मीटर मागे घ्या, स्टिअरिंग थोडं डावी-उजवी करा. दिवा विझेपर्यंत डांबरावर वळू नका. हवेच्या लॉकमध्ये आतलं सील गेलं की हवा हाउसिंगमध्ये शिरते आणि ब्रीदरमधून (एक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या छिद्रातून) ऑइल फेकलं जातं. न वापरलेल्या लॉकचा फोर्क (लॉक सरकवणारा काटा) गंजून अडकतो, म्हणून महिन्यातून एकदा कच्च्यावर लावून-सोडून पाहा.

एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला किंवा रिमोल्ड टायर ठेवू नका. घेर वेगळा असला की सरळ रस्त्यावरही एलएसडीच्या प्लेटा सतत घासत राहतात. ओढा ओलांडून आलात की ब्रीदर मोकळा आहे का ते पाहा: तापलेला एक्सल पाण्यात थंड होताना हवा आत ओढतो, आणि ब्रीदर बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढतो. ड्रेन नट सैल केल्यावर ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.