घरात उंदीर झालेत? झाडू हातात घ्यायच्या आधी हे वाचा

पाऊस लागला की बिळांत पाणी शिरतं आणि उंदीर सरळ आपल्या घरात येतात, मग सगळ्यांचं सुरू होतं मारायचा कसा, कुठलं औषध आणायचं. ते नंतर बघू. आधी तो मागे काय टाकून गेलाय ते बघा, आजार तिथून येतो.

सिंकखाली, फ्रिजमागे, सिलेंडरमागे, डब्यांच्या फळीच्या कोपऱ्यात टॉर्च मारा. लेंड्या जिऱ्याएवढ्या असतात, टोकं निमुळती. काळ्या चमकदार दिसल्या तर पाहुणा काल रात्रीच येऊन गेलाय, करड्या पडून भुगा होत असतील तर जुन्या.

आता हे प्लीज नीट वाचा, लेंड्या कोरड्या झाडूने झाडायच्या नाहीत, ती धूळ उडून सरळ नाकात जाते. खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा, रबरी ग्लोव्हज आणि मास्क घाला, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं करून ती जागा भिजवा, 5 मिनिटं थांबा, मग टिश्यूने उचलून पिशवीला गाठ मारून कचऱ्यात, फरशी परत एकदा पुसा आणि हात साबणाने धुवा. ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड अजिबात टाकू नका, विषारी गॅस होतो. कुरतडलेलं रव्याचं पाकीट, तोंड लावलेली पोळी, सगळं फेका. जिवावर येतं माहितीये, पण साल्मोनेला नावाच्या जंतूने आठवडाभर जुलाब होण्यापेक्षा बरं.

सगळ्यात जास्त भीती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची. उंदराच्या लघवीतून त्याचे जंतू ओल्या जागेत, साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाला साधी चीर असली तरी आत शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली होती. म्हणून मोरी, बाल्कनी ओली असेल तर अनवाणी जाऊ नका. ताप आला, पोटऱ्या खूप दुखतायत, डोळे लाल झालेत, तर व्हायरल समजून घरी बसू नका, डॉक्टरांकडे जा आणि घरात उंदीर आहेत हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

आणि गॅसचा पाईप! उंदराचे दात आयुष्यभर वाढतात त्यामुळे त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. आईकडे दोन दिवस गॅसचा हलका वास येत होता, आम्हाला वाटलं बर्नर नीट बंद झाला नसेल. सिलेंडर सरकवला तर खाली नारिंगी रबराचा चुरा आणि पाईपवर दातांच्या बारीक जोड-रेघा, एका ठिकाणी आतली तार दिसत होती. अजून अंगावर काटा येतो. रात्री रेग्युलेटर बंद करा, दर आठवड्याला पाईपवरून बोट फिरवून बघा आणि 5 वर्षांनी बदलाच. फ्रिज, वॉशिंग मशीनच्या वायरी पण बघा, शॉर्टसर्किट असंच होतं.

विषाबद्दल माझं स्पष्ट मत, लहान मुलं किंवा कुत्रा-मांजर असेल तर घरात आणूच नका. पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट तर नकोच नको, पोटात गेली तर पहिले एक-दोन दिवस माणूस ठीक वाटतो आणि मग लिव्हर जातं, त्याला उतारा नाही. कोणी चुकून खाल्लं तर काही त्रास नसला तरी पाकीट घेऊन ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

पिंजरा किंवा चाप बरा. भिंतीला चिकटून ठेवा, उंदीर भिंतीच्या कडेकडेनेच पळतो. आत भाजलेल्या खोबऱ्याचा नाहीतर सुक्या बोंबलाचा तुकडा. ग्लू पॅड मला पटत नाही, उंदीर तासन्‌तास जिवंत तडफडतो आणि तिथेच घाण करतो.

पण भोकं बुजवली नाहीत तर नवे येतच राहणार. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून छोटा उंदीर आत येतो. सिंकचा पाईप, एसीचा पाईप, मोरीची जाळी, दाराखालची फट बघा. चिंधी कोंबू नका, कुरतडतो, भांड्यांची तारेची घासणी दाबून वर सिमेंट लावा.

सगळं झालं की रात्री भिंतीकडेला थोडी रांगोळी भुरभुरवा आणि सकाळी पावलं उमटलीत का बघा. हे निदान 3 आठवडे करा, कारण मादी साधारण तेवढ्याच दिवसांत परत विते.