मैत्री भावना करताना या चुका टाळा

आमच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी वंदना झाली की मैत्री भावनेची, म्हणजे स्वतःचं आणि इतरांचं सुख मनापासून चिंतण्याच्या ध्यानाची, बैठक असते. नवे लोक येतात, बरंच वाचून-ऐकून येतात आणि चुका मात्र त्याच त्या करतात. मनातला राग जावा, घरात शांतता नांदावी ही त्यांची ओढ अगदी खरी असते. म्हणूनच महिन्याभरात ती विझलेली पाहिली की जीव तुटतो. बहुतेक चुकांच्या मुळाशी घाई असते. या घाईवर आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात, श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या महाविहारात बसून, विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात सविस्तर लिहून ठेवलं आहे. गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी त्याच ग्रंथाच्या संपादनासाठी वर्षानुवर्षं घालवली. एवढं सगळं हाताशी असताना लोक मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या ध्वनिफितीवर विसंबतात, याचं मला वाईट वाटतं.

सुरुवातच वैऱ्यापासून

ही सगळ्यात मोठी चूक. विसुद्धिमग्गातला क्रम स्पष्ट आहे: आधी स्वतः, मग ज्याच्याबद्दल मनात आदर आहे असा गुरुतुल्य माणूस, मग जिवलग, मग त्रयस्थ आणि सगळ्यात शेवटी वैरी. जिवलगाला पहिलं स्थान का नाही, याचं कारणही दिलंय. त्याचं जरा काही बिनसलं की आपल्याला रडू कोसळतं, मग भावना कसली करणार? आणि वैरी आठवला की राग येतो. तिथे एका अमात्यपुत्राची गोष्ट आहे. मैत्री कोणाबद्दल करायची, असं त्याने विचारलं. थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, म्हणाले, प्रिय माणसाबद्दल. त्याला सगळ्यात प्रिय होती बायको. तिच्याबद्दल मैत्री करायला बसला आणि तिच्याकडे जाण्याच्या ओढीने रात्रभर खोलीच्या भिंतीशी झुंजत राहिला. क्रम चुकला की असं होतं.

आमच्याकडे एक शेतकरी गृहस्थ यायचे. बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद. पहिल्याच बैठकीला म्हणाले, "ताई, माझं बाकी कुणाशी काही वाकडं नाही. मी भावापासूनच सुरू करतो." मी समजावून पाहिलं, पण त्यांना लवकर मोकळं व्हायचं होतं. रोज पहाटे उठायचे, भावाचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचे आणि "तू सुखी हो" म्हणायचे. झालं असं, की भावाने सरकवलेला दगड, तोडलेली बाभूळ, वडिलांच्या पुण्यानुमोदनाला (वारल्यानंतरच्या विधीला) चारचौघांत काढलेला शब्द, या सगळ्याची रोज पहाटे उजळणी होऊ लागली. जुनं भांडण पुन्हा ताजं झालं. तशात एका सकाळी त्यांनी भावाला फोन लावून सांगितलं, "मी तुला माफ केलंय." भाऊ उसळला, "चूक तुझी आणि माफ तू मला करतोस?" पुढच्याच आठवड्यात मोजणीचा अर्ज पडला.

माफ केल्याचं असं कळवणं म्हणजे समोरच्याला गुन्हेगार ठरवणंच असतं. मनात खरंच मैत्री आली असेल तर ती वागण्यात दिसू द्या, फोन करू नका.

त्यांना मी परत मागे नेलं. त्रयस्थ माणूस निवडा म्हटल्यावर त्यांनी दूध संकलन केंद्रावर फॅट लावणारा पोरगा निवडला. त्याच्याशी त्यांचं रोजचं बोलणं म्हणजे "आज किती लागली?" एवढंच. पंधरवड्याने येऊन म्हणाले, "ताई, थंडीत त्या पोराची बोटं उकललेली असतात, तसाच कॅन धुतो. मी कधी बघितलंच नव्हतं." मला हेच हवं होतं. ज्याच्याकडून काही घ्यायचं नाही आणि ज्याच्याबद्दल तक्रारही नाही, अशा माणसाचं सुखदुःख दिसायला लागलं की मन तयार होतंय असं मी धरते. पुढे जायची घाई मी त्यानंतरच खपवून घेते.

वैऱ्याबद्दलचा राग कशानेच निवत नसेल तर बुद्धघोष शेवटी एकच उपाय सांगतात: त्याला काहीतरी द्या. चित्तलपब्बत विहारातल्या एका भिक्खूला एका थेराने तीनदा राहत्या जागेतून उठवलं होतं. त्या भिक्खूने आईने दिलेलं, आठ कार्षापणांचं (त्या काळच्या नाण्यांचं) भिक्षापात्र त्याच थेरांना दिलं. आमच्या शेतकऱ्याने पेरणीच्या दिवसांत पुतण्या तिफण मागायला आला तेव्हा मुकाट्याने दिली. भाऊ अजून बोलत नाही. पण पहाटेची ती उजळणी थांबली आहे.

सोसत राहण्याला मैत्री म्हणणं

ही दुसरी चूक, आणि तिच्याबद्दल मला बोलायचंच आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या एका बाईला घरच्यांनी सांगितलं होतं, "त्याच्याबद्दल मैत्री ठेव, बुद्धाने हेच सांगितलंय." असं बुद्धाने कुठेही सांगितलेलं नाही. करवतीची उपमा असलेलं ककचूपम सुत्त अशा वेळी पुढे केलं जातं. दरोडेखोरांनी करवतीने अवयव कापले तरी मनात द्वेष आणू नये, असं त्यात आहे हे खरं. पण ती आज्ञा स्वतःच्या मनाला आहे. दाद मागू नका, घर सोडू नका, असं त्यात नाही. त्याच सुत्तात श्रावस्तीच्या वेदेहिकेची गोष्ट आहे. शांत, सौम्य म्हणून तिचा लौकिक होता. काली नावाच्या दासीने मालकिणीची परीक्षा घ्यायची म्हणून उशिरा उठायला सुरुवात केली, आणि काही दिवसांतच वेदेहिकेने तिच्या डोक्यात दाराचा अडसर घातला. सगळं मनासारखं चाललेलं असताना गोड असणं वेगळं, हे ती गोष्ट दाखवते. गप्प बसून मार खाणाऱ्या कालीचं कौतुक तिथे नाही. ती रक्ताळलेल्या डोक्याने शेजाऱ्यांपुढे गेली आणि "बघा, सौम्य बाईंचं काम!" म्हणाली.

राजा पसेनदी आणि राणी मल्लिका यांचा संवादही लक्षात ठेवा. स्वतःपेक्षा प्रिय कुणी आहे का, असं राजाने विचारलं. मल्लिका म्हणाली, नाही. बुद्धाने तिला स्वार्थी ठरवलं नाही. प्रत्येकाला स्वतःचा जीव असाच प्रिय असतो, म्हणून दुसऱ्याला दुखवू नये, असं त्यांनी सांगितलं. स्वतःचा जीव या हिशोबात आधी येतो.

आपल्याकडे तर हे वेगळं सांगायची गरज पडू नये. ज्या बाबासाहेबांनी 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिऊन हक्क बजावला, त्यांनीच 1956 साली नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. हक्कासाठी उभं राहणं आणि द्वेष न करणं एका माणसात नांदू शकतं. मार खाणाऱ्या त्या बाईला मी आधी 181 या महिला मदत क्रमांकावर फोन करायला लावला आणि ओळखीच्या वकीलबाईंकडे नेलं. आसनावर बसायची गोष्ट त्यानंतर काढली, तीही तिने स्वतःहून विचारलं म्हणून.

जवळचा शत्रू न ओळखणं

मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखाचा आनंद) आणि उपेक्षा (दुर्लक्ष नव्हे, समभाव) या चारही ब्रह्मविहारांना, म्हणजे मनाच्या उदात्त भावनांना, एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू आहे. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो लगेच दिसतो. जवळचा शत्रू आसक्ती, आणि ती मैत्रीसारखीच दिसते. मुलाने रोज फोन केलाच पाहिजे, नाहीतर आईची "मैत्री" रुसते. करुणेच्या जवळ शोक बसलेला असतो: बातम्या बघून रडायचं, हळहळायचं आणि हात मात्र कुठेच लावायचा नाही. उपेक्षेच्या जवळ बेफिकिरी. "मला आता कशाचंच काही वाटत नाही" असं अभिमानाने सांगणारे लोक भेटतात, त्यांना मी दवाखान्यात कुणाजवळ तरी रात्रभर बसून यायला सांगते. मुदितेचा घोळ जरा वेगळा आहे: आपल्या पोराच्या यशाचा आनंद सगळ्यांनाच होतो, शेजाऱ्याच्या पोराचे गुण ऐकून काय होतं ते बघा.

बाकीच्या चुका थोडक्यात

मैत्रीवरचं करणीय मेत्त सुत्त थेट "सब्बे सत्ता भवन्तु सुखितत्ता" (सगळे प्राणी सुखी होवोत) पासून म्हणू नका. त्याआधीच्या ओळींत सरळ असावं, ज्याला चार शब्द सांगता येतील असं असावं, गर्व नसावा, गरजा थोड्या असाव्यात असं सगळं आलंय. तो पाया आहे आणि लोक नेमका तोच गाळतात.

वारलेल्या माणसाबद्दल मैत्री भावना करू नये, असं विसुद्धिमग्ग सांगतं. एका तरुण भिक्खूला आचार्यांबद्दल काही केल्या ध्यान लागेना. मग कळलं की आचार्य निवर्तले होते. आईची आठवण येत असेल तर पुण्यानुमोदन करा, दान द्या.

झोप नीट लागते, वाईट स्वप्नं पडत नाहीत, हे मैत्रीच्या अकरा फायद्यांत आहे. पण सात दिवसांत हिशोब मागू नका.

बुद्धपौर्णिमेला फिरणारी सुविचारांची चित्रं पुढे पाठवण्याआधी ते वचन धम्मपदात खरंच आहे का, ते बघा. पाचवी गाथा, वैराने वैर शमत नाही, ती एकच पाठ करा. पुष्कळ पुरते.

इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेले काही जण दहाव्या दिवशी शिकवलेली मैत्री घरी व्याख्यानातून वाटू लागतात. बायको, सासू, पोरं, कुणालाही न विचारता उपदेश करू नका. तुम्ही नसताना घरातली जी कामं दुसऱ्यांनी ओढली, ती आधी हातात घ्या.