खडकावरचा स्पंज बघताना या चुका टाळा

ओहोटीला कोकणातल्या कातळावर पिवळा, नारिंगी किंवा हिरवट थर दिसला की बहुतेक जण शेवाळ समजून पुढे जातात. जरा वाकून बघा. अंगभर बारीक छिद्रं आणि मधूनमधून मोठी भोकं असतील, तर बहुधा तो स्पंज, म्हणजे एका जागी चिकटून राहणारा समुद्री प्राणी. बारीक छिद्रांतून पाणी आत घेऊन, गाळून, मोठ्या भोकांतून तो ते बाहेर सोडतो. शंका आलीच तर हातमोजा घालून हलकेच बोट टेकवा. भोकं चटकन मिटली तर समोर असिडियन, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा पिशवीसारखा दुसरा समुद्री प्राणी, असण्याची शक्यता जास्त. उघड्या हाताने मात्र चोळू नका. काही स्पंजांचे काचेसारखे बारीक काटे कातडीत घुसतात आणि खाज थांबत नाही.

खरी गफलत होते ती रंग-आकारावरून जात ठरवताना. युरोपच्या किनाऱ्यावरचा हॅलिकॉन्ड्रिया पॅनिसिया हा स्पंज घ्या. उजेडात तो हिरवा असतो, कारण त्याच्या अंगात शेवाळ राहतं. कपारीच्या सावलीत तोच पिवळसर. लाटांच्या माऱ्यात खडकाला चिकटलेला सपाट थर, आडोशाच्या पाण्यात त्याच भोकांची उंच धुराडी. जात एकच! म्हणून नुसता स्पंजाचा जवळून फोटो पुरत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवा, आजूबाजूच्या खडकाचा एक फोटो घ्या आणि ऊन, सावली, लाटांचा मारा यांची नोंद करा. फोटोवरून ओळख सांगणाऱ्या ॲपने झटकन जातीचं नाव दिलं तरी ‘स्पंज’ एवढंच लिहिणं प्रामाणिकपणाचं. जात ठरते ती सूक्ष्मदर्शकाखाली काटे पाहून.

त्यासाठी तुकडा खरवडून आणायचा मोह होतो. नका आणू. कॅल्शियमच्या काट्यांचे स्पंज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत आहेत, आणि नुसत्या डोळ्यांना ते ओळखू येतीलच असं नाही.

दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूचा स्पंज सावलीवर जगतो, उन्हात वाळून जातो. हे सांगूनही लोक विसरतात.

‘गेलो, पण काहीच दिसलं नाही’ अशी तक्रार असेल तर आधी तिथी तपासा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, ओहोटीला पाणी फारसं उतरत नाही आणि खालचा खडक उघडा पडत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी तळाला जायच्या तासभर आधी पोहोचा आणि उघड्या कातळापेक्षा कपारी आणि पाणी साचलेली डबकी धुंडाळा. भरती लागली की परत फिरा.