लठ्ठ घोडी, नखरेल तोंड: औषध आणि खुराक देताना या चुका टाळा

आषाढ लागला की वरातीच्या घोड्यांना सुट्टी. तुळशीचं लग्न होईपर्यंत मुहूर्त नाहीत, घोडी ठाणावर उभी, आणि चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र भर लग्नसराईतली. त्यात दिवाळीच्या सुमारास अकलूजच्या बाजारात न्यायची असेल तर मालक मुद्दाम भरवतो, कारण मान जाड दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, "तयारी चांगली हाय." आयाळीखाली हाताला लागणारा तो कडक उंचवटा म्हणजे चरबी. फासळ्या बोटांनी चाचपून सापडत नसतील तर ते कौतुक नाही, दुखण्याचं आमंत्रण आहे.

अशा घोडीला औषध लागलं की तिचे नखरे सुरू होतात. पोट कायम भरलेलं, मग कडू पूड कशाला खाईल? आणि मालकाला घाई. दर वर्षी त्याच चुका बघून कंटाळा आला म्हणून लिहितोय.

गुळात कालवून देणे

ही चूक सगळ्यात जास्त होते. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहतो आपण, गोडाला तोटा नाही. सोलापूरच्या होटगी रस्त्याकडच्या एका वरातवाल्याची घोडी पुढच्या पायांनी लंगडायला लागली. डॉक्टरांनी फिनाइलब्युटाझोन या वेदनाशामकाची पूड दिली. ती कडूजहर असते. चार दिवसांनी मालक मलाच विचारतोय, "औषध चाटूनपुसून खातीया की ओ, मग दुखणं का वाढतंय?"

"कशात घालून देताय?"

"काकवीत. अर्धा तांब्या."

जाऊन बघितलं. पुढचे पाय पुढे टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन घोडी उभी. खूर हाताला गरम लागत होते आणि खुराच्या वर, मागच्या बाजूची नाडी बोटाखाली ठणाठणा उडत होती. वळवायला गेलं की जागच्या जागी पाय उचलून ठेवायची. हा लॅमिनायटिस. लठ्ठ घोड्यानं गोड खाल्लं की त्याच्या रक्तात इन्सुलिन भरमसाट वाढतं, आणि त्यानं खुराच्या आतलं हाड नखाला धरून ठेवणारे पापुद्रे कमजोर होतात. म्हणजे सकाळ-संध्याकाळ दुखणंही मालकच खाऊ घालत होता आणि दुखण्याचं औषधही. डॉक्टरांना त्यानं काकवीचं सांगितलंच नव्हतं. का, तर "त्यांनी इचारलंच न्हाई." काकवी बंद केली, पायाखाली मऊ वाळूची जागा केली, डॉक्टरांनी उपचार बदलले, तरी ती घोडी त्या मोसमात वरातीला उभी राहिली नाही.

गूळ, काकवी, मळी, उसाचे वाढे, पेढे, सगळं एकाच माळेतलं. "एवढ्याशानं काय होतंय" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

मग द्यायचं कशात? माझी सवय अशी: मूठभर लसूणघास बारीक कापून भिजवायचा, त्यात चमचाभर मेथीची पूड. मेथी ऐकून लोक हसतात. पण 2005 साली इंग्लंडमध्ये तबेल्यातल्या घोड्यांपुढे वेगवेगळ्या वासांचं खाद्य ठेवून बघितलं होतं, तेव्हा त्यांनी मेथीला सगळ्यात वरचा नंबर दिला. केळं आणि जिरंही आवडत्यांत होतं. केळं गोड, म्हणून लठ्ठ घोडीला नको. जिरं चालतं.

आणि हे कालवण आधी तीन-चार दिवस औषधाशिवाय द्यायचं. मग औषधाची चिमूट, मग अर्धा डोस, मग पूर्ण. तातडीचं औषध असेल तर ही चैन नाही, ते सरळ तोंडात द्यायचं. पण खुराकाची पावडर नवी आणली आणि त्याच संध्याकाळी सबंध माप चंदीत ओतलं, हा निव्वळ उतावळेपणा. एकदा तोंड कडू झालं की घोडी पुढं ती पाटीसुद्धा हुंगत नाही.

उपाशी ठेवणे

"भूक लागली की खाईल झक मारत." शिवाय वजनही उतरेल, असा दुहेरी हिशेब. माणसाच्या उपवासाचा हिशेब घोड्याला लावू नका. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरतं, चारा नसला की जठराला जखमा होतात, आणि वेदनाशामक पूड त्यात भर घालते. लठ्ठ घोडं अचानक उपाशी राहिलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बसतं. तट्टं आणि गाढवं यात पटकन दगावतात.

वजन उतरवायचंय ना, मग मोजून द्या. टेप घ्या. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतची लांबी, भागिले 11880. घेर 170, लांबी 150 असेल तर साधारण 365 किलो. वजनाच्या दीड टक्का सुका चारा म्हणजे दिवसाला साडेपाच किलोच्या आसपास. त्याच्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही. कडबा, वाळलेलं गवत, जे द्याल ते चार-पाच वेळा विभागून द्या. हेच वजन जंताच्या औषधाच्या डोसालाही लागतं. "अंदाजे घोडं चारशेचं" हा अंदाज बहुतेक वेळा मालकाच्या अभिमानावर असतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पिण्याच्या पाण्यात औषध टाकू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात घोडीनं हौदाला तोंड लावायचं सोडलं तर पोटशूळ ठरलेला.

पाटीभर चंदीत औषध मिसळलं की घोडी वरवर खाते आणि पूड तळाला राहते. कालवण थोडं, ओलसर आणि तोबऱ्यातून, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीतून द्या. तोबऱ्यात सांडत नाही आणि शेजारचं घोडंही तोंड घालत नाही.

गाई-कोंबड्यांचं खाद्य किंवा त्यांचं मिनरल मिक्श्चर घोड्याला देऊ नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. गाईला ते चालतं, घोड्याच्या काळजाचे स्नायू मात्र त्यानं जातात.

दोन कंपन्यांच्या पावडरी एकत्र करू नका. दोन्हींत सेलेनियम हे खनिज असेल तर जास्त होतं. आयाळ-शेपटीचे केस गळतात, खुरांना चिरा पडतात.

बैलाला पाजतात तसं तोंड आभाळाकडे करून नळकांड्यानं पाजू नका, औषध फुप्फुसात जातं. पूड थोड्या पाण्यात कालवून 60 मिलीच्या मोठ्या तोंडाच्या सिरिंजमध्ये भरा, ओठांच्या कोपऱ्यातून, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत घाला आणि जिभेवर हळूहळू सोडा. मान सरळच राहू द्या. आधी काही दिवस नुसतं मेथीचं पाणी असंच पाजलं तर सिरिंज दिसल्यावर घोडी मान झटकत नाही.

गोळी कुटण्याआधी विचारा, काहींवरचं आवरण पोटात पुढं जाऊन विरघळण्यासाठी असतं.

आणि सकाळचा डोस थुंकला म्हणून संध्याकाळी दुप्पट देऊ नका, फिनाइलब्युटाझोनच्या बाबतीत तर अजिबात नाही. सलग दोन वेळा गेला नाही तर डॉक्टरांना फोन करा, पेस्ट किंवा इंजेक्शन मिळतं का विचारा, आणि कशात कालवून देत होता तेही न विचारता सांगा.